जुन्या रायफलीवरची दुर्बीण : अस्सल कोणती, बनावट कोणती?

१/ लष्कराने निकाली काढलेली एक जुनी बोल्ट-ॲक्शन रायफल विकत घ्यायची, त्याच काळातली एक दुर्बीण शोधून आणायची, रायफलीच्या पोलादात भोके पाडून ती वर बसवायची आणि ‘ही महायुद्धातली स्नायपर रायफल’ म्हणून मिरवायची. अमेरिकेतील व युरोपातील हौशी मंडळींत हा उद्योग कित्येक दशके चालू आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : या उद्योगात एक अस्सल साधन नष्ट होते आणि त्याच्या जागी एक बनावट साधन जन्माला येते. असे का म्हणतो, ते या थ्रेडमध्ये.

२/ आपल्याकडे हा प्रश्न कोणाच्या घरातला नाही. थ्री-नॉट-थ्री ही लष्करी बोअर भारतीय शस्त्र कायद्याच्या चौकटीत ‘प्रतिबंधित’ ठरते. नागरी परवानाधारकांसाठी इशापूरच्या कारखान्याने .३१५ बोअरची रायफल काढली. तिची घडण ली-एनफिल्डचीच, काडतूस मात्र वेगळे. मग मराठी वाचकाने या भोकांचा विचार का करावा? कारण ही शस्त्रे आपल्याला भेटतात ती संग्रहालयांत, चित्रपटांत आणि व्हिडिओ गेममध्ये. समोरच्या वस्तूवरून आपण युद्धाची कल्पना बांधतो. वस्तूच खोटी असेल, तर कल्पना खरी कुठून असणार?

३/ मुळात रायफलीवर दुर्बीण आली कशी, ते आधी पाहू. १९१४ च्या अखेरीस फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर दोन्ही सैन्ये खंदकांत रुतून बसली. जर्मनीत शिकारीची परंपरा मोठी, आणि गोअर्झ व झाइस यांसारख्या कंपन्यांमुळे तिथला भिंग-उद्योगही जगात अग्रेसर. त्यामुळे दुर्बीण लावलेल्या रायफली जर्मन सैनिकांच्या हाती लवकर आल्या. ब्रिटन मात्र उत्तम प्रतीच्या काचेसाठी युद्धापूर्वी बव्हंशी जर्मनीवरच अवलंबून होते. खंदकाबाहेर डोके काढले की गोळी, हा त्या हिवाळ्यातला रोजचा अनुभव होता. त्याच खंदकांत लाहोर व मीरत या दोन डिव्हिजनांचे भारतीय जवानही होते.

४/ ब्रिटिशांच्या बाजूने या विषयाला शिस्त लावली ती हेस्केथ-प्रिचर्ड या गृहस्थांनी. पेशाने लेखक, छंदाने शिकारी, आणि क्रिकेटमध्येही नाव मिळवलेले. १९१६ मध्ये त्यांनी फ्रान्समधील लिंघेम येथे नेमबाजीची व निरीक्षणाची शाळा काढली. त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट आजच्या हौशी मंडळींनीही लक्षात ठेवावी अशी आहे. आघाडीवर पोचलेल्या दुर्बिणी अनेकदा निरुपयोगी ठरत होत्या. काच चांगली होती. पण दुर्बीण व रायफल यांचा मेळ बसवलेला नव्हता, आणि तो कसा टिकवायचा हे जवानाला कोणी शिकवलेले नव्हते. दुर्बीण ‘बसवणे’ सोपे होते. तिचा मेळ राखणे हेच खरे काम होते.

५/ अडचणीचे मूळ रायफलीच्या घडणीतच होते. बोल्ट-ॲक्शन रायफलीत बोल्ट हाताने मागेपुढे ओढावा लागतो आणि पाच काडतुसांचा ‘चार्जर’ वरून आत दाबावा लागतो. नेमक्या त्याच जागी दुर्बीण आली की चार्जरची वाट बंद. म्हणून ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धात दुर्बीण मधोमध न बसवता डावीकडे सरकवून बसवली. वाट मोकळी झाली, पण नेमबाजाचा गाल लाकडावर धड टेकेना आणि नेम घेताना मान तिरकी होऊ लागली. एक अडचण सोडवताना दुसरी उभी राहिली. पुढची तीस वर्षे प्रत्येक देशाने या एकाच कोड्याला आपापले उत्तर शोधले.

६/ त्यांतले सर्वांत नेटके उत्तर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश ‘नंबर ४ मार्क १ (टी)’. यातला ‘टी’ टेलिस्कोपचा. साध्या नंबर ४ रायफली चाळीस लाखांहून अधिक बनल्या. कारखान्यातील चाचणीत ज्या रायफली विशेष अचूक ठरत, तेवढ्याच बाजूला काढून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या नामांकित बंदूक-कारागिरांकडे पाठवल्या जात. युद्धकाळात तिथे वीस हजारांहून अधिक रायफलींचे रूपांतर झाले. म्हणजे स्नायपर रायफल ही आधी निवडली जाई आणि मग घडवली जाई. दुर्बीण हा त्या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा होता, पहिला नव्हे.

७/ हॉलंड अँड हॉलंडचे कारागीर काय करीत? रिसीव्हरच्या डाव्या अंगाला पोलादाच्या दोन बैठका पक्क्या करीत. त्यांवर दुर्बिणीचा कंस दोन मोठ्या, हाताने फिरवता येणाऱ्या स्क्रूंनी बसे. त्यामुळे दुर्बीण काढता-घालता येई. दुर्बीण वर आली म्हणून डोळाही वर न्यावा लागे. त्यासाठी दस्त्यावर गाल टेकायला लाकडाचा उंचवटा जोडीत. दुर्बिणीचे नाव ‘नंबर ३२’, तिची क्षमता तिप्पट. तीनशे यार्डांवरचा माणूस शंभर यार्डांवर असल्यासारखा दिसे, एवढेच. आजच्या गेममध्ये दिसणारी जादू तिच्यात नव्हती.

८/ आता या साऱ्या प्रकरणाचा गाभा. रूपांतराचा प्रत्येक टप्पा पोलादावर आणि लाकडावर नोंदवला जाई. अचूकतेसाठी निवड झाल्याची खूण ‘टीआर’. रूपांतर मान्य झाल्याची खूण ‘टी’. दस्त्यावर हॉलंड अँड हॉलंडचा सांकेतिक क्रमांक ‘एस ५१’. दुर्बिणीचा अनुक्रमांक दस्त्याच्या निमुळत्या मानेवर कोरलेला, आणि रायफलीचा अनुक्रमांक दुर्बिणीच्या कंसावर. रायफलीवर दुर्बिणीचे नाव, दुर्बिणीवर रायफलीचे. आपल्याकडे उखाण्यात घ्यावे तसे!

९/ ही हौस नव्हती, गरज होती. हाताने घडवलेल्या दोन वस्तूंच्या मापांत केसभर फरक राहतोच. कारागीर ती विशिष्ट दुर्बीण त्या विशिष्ट रायफलीवर बसवून दोघींचा मेळ जुळवीत. तीच दुर्बीण दुसऱ्या रायफलीवर लावली, तर तो मेळ पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागे. तेव्हा जुळणारे अनुक्रमांक म्हणजे संग्राहकांनी नंतर रचलेले सोवळे नव्हे. ते त्या शस्त्राच्या कार्याचाच भाग आहेत. अनुक्रमांक न जुळणारी जोडी म्हणजे दोन वेगवेगळ्या पत्रांची अर्धी-अर्धी पाने एकत्र शिवून केलेले पत्र.

१०/ इथे एक गमतीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्याच मताला अडचणीत आणते. यांतल्या बऱ्याच दुर्बिणी मुळात या रायफलींसाठी नव्हत्याच. ब्रिटिशांची नंबर ३२ आखली गेली होती ब्रेन मशीनगनसाठी. सोव्हिएत ‘पीयू’ दुर्बीण आली ती एसव्हीटी-४० या स्वयंचलित भरणीच्या रायफलीसाठी. अमेरिकेने १९४३ पासून आपल्या एम-१९०३ए४ रायफलीवर लावली ती वीव्हर कंपनीची, बाजारात शिकाऱ्यांना मिळणारी अडीचपट क्षमतेची दुर्बीण. म्हणजे सरकारांनीही मिळेल ती दुर्बीण मिळेल त्या रायफलीवर चढवली होती. मग हौशी माणसाने तेच केले तर बिघडले कुठे?

११/ उत्तरासाठी सोव्हिएत मोसिन-नागांकडे पाहू. साध्या मोसिनच्या बोल्टची मूठ सरळ आडवी असते. वर दुर्बीण आली की ती मूठ दुर्बिणीला अडते. म्हणून स्नायपर मोसिनसाठी लांब, खाली वळलेली मूठ बनवली गेली. १९४२ पासून साडेतीनपट क्षमतेची पीयू दुर्बीण लावलेल्या अशा रायफली लाखोंच्या संख्येने निघाल्या. मुख्यतः इझेव्हस्कच्या कारखान्यातून. युद्ध अंगावर आले होते, वेळ नव्हता, आणि तरीही दुर्बिणीचा क्रमांक त्या रायफलीच्या पोलादावर कोरण्याचे काम कोणी टाळले नाही.

१२/ अमेरिकेचे उदाहरण आणखी बोलके आहे. एम-१९०३ए४ वर दुर्बिणीची बैठक रिसीव्हरच्या माथ्यावर येई आणि कारखान्याची अक्षरे तिच्याखाली झाकली जात. म्हणून रेमिंग्टनने या रायफलींवरची अक्षरे व क्रमांक दोन बाजूंना विभागून कोरले. शिवाय या रायफलीला साधी, उघडी साइट दिलीच नव्हती. दुर्बीण फुटली की नेम संपला. आज कोणी साध्या ए३ रायफलीवर जुनी वीव्हर चढवून तिला ए४ म्हणू लागला, तर माथ्यावरची अक्षरेच त्याच्याविरुद्ध साक्ष देतात.

१३/ जर्मनीने तर उलट वाट धरली. दीडपट क्षमतेची ‘झेडएफ ४१’ ही छोटी दुर्बीण त्यांनी रिसीव्हरच्या वर न ठेवता बरीच पुढे बसवली. चार्जरची वाट मोकळी राहिली, पण एवढ्या लांबून, एवढ्या लहान भिंगातून फारसे काही दिसेना. खऱ्या स्नायपरांना त्यामुळे अधिक क्षमतेच्या दुर्बिणी द्याव्या लागल्या. अयशस्वी उत्तर हेही इतिहासाचेच पान असते. आज कोणी जर्मन रायफलीवरची ती ‘कुचकामी’ दुर्बीण उतरवून दुसरी ‘भारी’ दुर्बीण लावतो, तेव्हा तो नेमके हेच पान फाडतो.

१४/ आता युद्धानंतरची गोष्ट. सोव्हिएत शस्त्रागारांत असंख्य स्नायपर रायफलींच्या दुर्बिणी उतरवल्या गेल्या, वळलेली मूठ काढून सरळ मूठ लावली गेली, बैठकीची भोके बुजवली गेली आणि त्या रायफली साध्या पायदळी रायफली म्हणून कोठारात गेल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ही कोठारे परदेशी बाजारात रिकामी झाली. एखाद्या स्वस्तात घेतलेल्या मोसिनचे लाकूड उतरवल्यावर आत बुजवलेली भोके सापडणे, ही संग्राहकांच्या जगातली पर्वणी. मग लगेच मोह होतो : भोके उघडू, दुर्बीण लावू, तिला ‘पूर्ववत’ करू.

१५/ माझे म्हणणे असे की ती बुजवलेली भोके हीच त्या रायफलीची खरी कहाणी आहे. ती निवडली गेली, लढली, आणि मग एका थकलेल्या देशाने तिला पुन्हा सामान्यांच्या रांगेत उभे केले. भोके उघडून नवी-जुनी दुर्बीण लावली, की कहाणीचा शेवटचा अध्याय पुसला जातो. पहिला अध्यायही परत येत नाही, कारण तिची स्वतःची दुर्बीण केव्हाच दुसरीकडे गेलेली असते. आपल्या एखाद्या गडाच्या ढासळलेल्या बुरुजावर सिमेंटचा गिलावा करून त्याला ‘शिवकालीन’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

१६/ ‘म्हणजे काहीच बदलू नये का?’ असा प्रश्न कोणी विचारील. बदल हा शत्रू नव्हे. ब्रिटिशांनी १९७० च्या सुमारास सुमारे एक हजार जुन्या (टी) रायफलींची नळी बदलून त्यांना ७.६२ मिमी काडतुसासाठी सिद्ध केले. त्यांना ‘एल४२ए१’ म्हणतात. जुन्या नंबर ३२ दुर्बिणींचीही दुरुस्ती करून त्या नव्या नावाने लावल्या. १९८२ च्या फॉकलंड युद्धात या रायफली लढल्या. हा बदल अस्सल आहे. तो कोणी केला, केव्हा केला, कोणत्या गरजेपोटी केला, हे सारे नोंदलेले आहे. दहाव्या भागात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच. सरकारने केलेली जोडणी गरजेतून आली आणि नोंद ठेवून गेली. हौशी जोडणी दिखाव्यातून येते आणि आपली नोंद लपवते.

१७/ मोडी कागद हाताळणाऱ्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. अस्सल पत्राच्या समासात पुढच्या कारकुनाने शेरा लिहिला, तर तो शेराही साधन ठरतो. पण कोणी अस्सल जुन्या कागदावर थोर नावाचा बनावट शिक्का उमटवला, तर शिक्का तर खोटा ठरतोच, शिवाय तो कागदही संशयाच्या फेऱ्यात सापडतो. साध्या शिपायाच्या रायफलीवर स्नायपरची दुर्बीण चढवणे म्हणजे असाच शिक्का उमटवणे होय. कागद जुना, शिक्काही जुना. खोटा आहे तो दोघांतला संबंध.

१८/ दुसरी बाजूही न्यायाने मांडायला हवी. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली इतक्या स्वस्त होत्या, की सामान्य कष्टकरी माणसे लाकूड तासून, दुर्बीण लावून त्या शिकारीला वापरत. त्यांना इतिहास मिरवायचा नव्हता, हरणाचे मांस घरी आणायचे होते. त्या रायफलीही आपल्या काळाची खरी साक्ष आहेत आणि त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. माझी तक्रार आहे ती आजच्या नाटकाबद्दल. लाखो बनल्या म्हणून एक बिघडली तर काय, असे म्हणत म्हणतच न बदललेल्या रायफली दुर्मीळ होत जातात.

१९/ या नाटकामागे एक खोल गैरसमज आहे : दुर्बीण असलेला तेवढा नायक, बाकीचे गर्दीतले. सिमो हायहाचे उदाहरण घ्या. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात पाचशेहून अधिक सोव्हिएत सैनिक मारल्याचे श्रेय या फिनिश शेतकऱ्याला दिले जाते. त्याने दुर्बीण वापरलीच नाही. दुर्बिणीसाठी डोके वर काढावे लागते, काचेवर धुके धरते, उन्हात ती चमकते. उलट स्टालिनग्राडचा जो ‘मेजर कोनिग’ २००१ च्या ‘एनिमी ॲट द गेट्स’ चित्रपटामुळे घराघरांत पोचला, त्याच्या अस्तित्वाचा पुरावा जर्मन कागदपत्रांत सापडत नाही. दुर्बिणीवाला दंतकथेतून येतो आणि साध्या साइटवाला नोंदीतून.

२०/ आपल्या इतिहासाकडे वळलो की हा मुद्दा अधिक टोचतो. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत डायरच्या पन्नास शिपायांनी १,६५० गोळ्या झाडल्या, त्या साध्या थ्री-नॉट-थ्रीच्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ पुढे आपले पोलीस उभे राहिले, तेव्हाही त्यांच्या हाती याच जुन्या घराण्यातली रायफल होती. साम्राज्याची क्रूरता आणि पुढे आपल्याच व्यवस्थेची हेळसांड, दोन्हींची साक्ष या बिनदुर्बिणीच्या, साध्या लाकडी रायफलीपाशी आहे. तिला ‘साधी’ म्हणून भोके पाडायला निघणे म्हणजे मुख्य साक्षीदाराचे तोंड बंद करणे.

२१/ आणि दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला कोण असते? १० जुलै १९४४. इटलीतील तिबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील प्रत्येक जण मशीनगनच्या माऱ्यात मृत वा जखमी झाला. ते एकटे धावून गेले, ठाणे घेतले, मॅगझीन बदलायला उसंत नव्हती म्हणून शेवटी बंदूक उलटी धरून लढले. आणि मग शत्रूच्या स्नायपरांनी त्यांच्या छातीत व पाठीत गोळ्या घातल्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. दुर्बिणीचे कौतुक करताना, ती ज्यांच्यावर रोखली गेली त्यांत आपलीही माणसे होती, हे ध्यानात असावे.

२२/ तर मग करावे काय? माझ्या मते तीन साधे नियम पुरेत. जी जोडी अस्सल आहे, तिचे अनुक्रमांक जपावेत; एकही भाग बदलू नये. जी अनुकृती आहे, तिच्यावर ‘अनुकृती’ असे स्वच्छ लिहावे. प्रामाणिक अनुकृतीत कमीपणा नाही, आणि ती करायचीच असेल तर आधीच तासलेल्या-बिघडलेल्या रायफलीवर करावी. आणि जी रायफल आजवर कोणी हात न लावता आपल्यापर्यंत पोचली आहे, तिला तशीच राहू द्यावी. बुजवलेली भोके बुजलेलीच राहू द्यावीत.

२३/ तुम्ही संग्रह करणार नसाल. करूही शकणार नाही. पण पाहणार नक्की. पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात काचेमागे दुर्बीण लावलेली रायफल दिसली, तर फलकावरच्या नावाआधी तिच्या अंगावरचे आकडे शोधा. दुर्बिणीच्या कंसावर कोणता क्रमांक आहे? रायफलीवर कोणता? ते जुळतात का? जुळत नसतील तर फलक काय म्हणतो? तिथल्या माणसाला नम्रपणे विचारा. आणि शेजारी बिनदुर्बिणीची एखादी झिजलेली रायफल असेल, तर तिच्यापुढे थोडे अधिक थांबा. बहुतेक युद्ध तिनेच पाहिलेले असते.

मतभेद असतील तर खाली अवश्य मांडा; पुरावा असेल तर आधी तो मांडा. थ्रेड समाप्त.